नागडं होऊन सांगायचं कुणाला?

ट्रॅफिकमध्ये सायकल चालवणारं माणूस अंगभर कपडे घालूनही उघडंच असतं. ज्यांनी शहरात रोज सायकल चालवली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. सिग्नलला उभं असताना उजव्या हाताला खडी वाहणारा डंपर येऊन थांबतो. त्याच्या चाकाचा वरचा काठ आपल्या हँडलच्या बरोबरीला येतो. चाकाच्या नटांवर वाळलेला चिखल दिसतो, इंजिनाची धग पोटरीला लागते, आणि मान वर करून पाहिलं तर ड्रायव्हरची खिडकी इतकी उंच की आत कोण बसलंय ते दिसत नाही. आपल्याला तो दिसत नाही, म्हणजे त्यालाही आपण दिसत नाही. सिग्नल सुटला आणि त्याला डावीकडे वळायचं असलं, तर मध्ये कुणी आहे हे कळायच्या आत सगळं संपलेलं असतं. हेल्मेट, चमकणारं जॅकेट, पुढचा-मागचा दिवा, सगळं जागच्या जागी असतं. त्या चाकापुढे त्यातल्या कशाचा काही उपयोग होत नाही.

'वर्ल्ड नेकेड बाइक राइड' या दरवर्षीच्या नग्न सायकलफेरीमागचा विचार हाच आहे, आणि तो मला पहिल्यांदा कळला तेव्हाच पटला. आम्ही रस्त्यावर किती उघडे आहोत ते एरवी तुमच्या लक्षात येत नाही ना, मग आता बघा. इतकं सरळ. स्पेनमधल्या सारागोसा शहरात २००१ साली सायकलवाल्यांनी कपडे उतरवून अशी फेरी काढली होती. पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॉनराड श्मिट या कार्यकर्त्यानं तिला जगभरचं रूप दिलं. जून २००४ मध्ये पहिली जागतिक फेरी निघाली, दहा देशांतल्या २८ शहरांत. तेव्हाचा रोख खनिज तेलावर होता. इराक युद्ध सुरू होऊन वर्षच झालं होतं आणि मोटारींच्या जगाला तेलाच्या व्यसनाबद्दल जाब विचारायचा होता. नंतर सायकलस्वारांच्या सुरक्षिततेचा मुद्दा पुढे आला, मग आपल्याच शरीराची लाज टाकून देण्याचा. आता उत्तर गोलार्धात जूनच्या सुमाराला आणि दक्षिणेकडे मार्चच्या सुमाराला, लंडनपासून मेलबर्नपर्यंत आणि मेक्सिको सिटीपासून केपटाऊनपर्यंत अशा फेऱ्या निघतात. 'बेअर ॲज यू डेअर' ही त्यांची जाहीर पद्धत: जेवढं धाडस होईल तेवढं काढा, कुणावर सक्ती नाही.

मी लंडनमध्ये राहते आणि कामावर सायकलनं जाते, त्यामुळे ही फेरी माझ्या गावची म्हणायला हरकत नाही. मी तीत कधी उतरलेली नाही, पण रस्त्याच्या कडेनं पाहिली आहे. पिकॅडिली सर्कसपाशी आधी शिट्ट्या आणि घंट्या ऐकू येतात. मग पोलिसांच्या सायकली, आणि त्यांच्यामागे ते सगळे. उन्हानं लाल झालेल्या पाठी, पिकलेले केस, पोटाच्या वळ्या, पायात व्यवस्थित मोजे आणि बूट. कुणाच्या पाठीवर रंगानं लिहिलेलं, की आता तरी दिसलो का? कुणी हिरव्या रंगात न्हालेलं, कुणी फक्त टोपी घातलेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सीटवर घडी करून ठेवलेला पांढरा टॉवेल घसरत होता. ते एका हातानं हँडल धरून दुसऱ्यानं तो सारखा करत होते आणि त्यांच्या मागच्यांनी आपापल्या सायकली हळू केल्या होत्या. एवढ्या मोठ्या घोळक्यात एकमेकांना सांभाळून घेण्याची ती रीत मला फार आवडली. त्यांच्यात वखवख कुठे दिसली नाही. होती ती फुटपाथवर. शंभर-दीडशे मोबाइल वर गेलेले, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच हसू.

फेरी संपून काही तास झाले असतील, तर कोथरूडहून मावशीचा फोन. कुणीतरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप टाकली होती, खाली 'बघा पाश्चात्त्यांची थेरं' अशी ओळ. मावशी चिडलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "अगं, पण हे कशासाठी?" मावशीनं पुण्यात नोकरीची सगळी वर्षं सायकलवर काढली आहेत. पातळाचा काच्या मारून, लेडीज सायकलवर, पावसात रेनकोट घालून. मी तिला डंपरचं सांगितलं, डावीकडच्या वळणाचं सांगितलं. ती ऐकत राहिली, कारण हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग म्हणाली, "मग त्या ट्रकवाल्यांच्या नाहीतर महापालिकेच्या दारात जायचं की. बाजारातून फिरून काय होणार?"

त्या वाक्यानं माझा पिच्छा सोडला नाही. आपल्याकडे 'अर्धनग्न आंदोलन' ही बातमी कोणत्याही जिल्ह्याच्या पानावर सापडते. सदरे काढून शेतकरी तहसील कचेरीपुढे बसतात, कुणी पीकविम्यासाठी, कुणी पाण्यासाठी. त्यात किती जण उघडे होते हे गौण असतं. कचेरी कुणाची आणि मागणी काय, हे मात्र बातमीच्या पहिल्याच ओळीत येतं. मावशीला निषेध माहीत आहे तो असा, कुणाच्या तरी दारातला. लंडनच्या फेरीत तिला सगळं दिसलं, फक्त दार दिसलं नाही. मला वाटतं, ही फेरी निषेध म्हणून चालते की नाही या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर तिथे आहे.

उरलेलं उत्तर पोलिसांच्या शिट्टीत आहे. इंग्लंडमध्ये अंगावर कपडे नसणं हा आपोआप गुन्हा होत नाही. समोरच्याला त्रास व्हावा, भीती वाटावी या हेतूनं केलं तर होतो. त्यामुळे फेरीला परवानगीचा मोठा प्रश्न येत नाही, पोलीस सोबत चालतात, चौकाचौकात गाड्या थोपवून धरतात. हे चांगलंच आहे, कुणाला इजा व्हावी असं कोण म्हणेल? पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. 'आम्ही रस्त्यावर असुरक्षित आहोत' हे सांगायला निघालेली माणसं, ते सांगत असताना वर्षातल्या सगळ्यात सुरक्षित रस्त्यावरून जात असतात. डंपर आडव्या गल्लीत अडकलेला असतो. शनिवारची दुपार असते. नागडेपणा आणि चाक हे दोन्ही एका चौकटीत आले, तर बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. इथे चाक चौकटीबाहेर ठेवलं जातं आणि उरतं फक्त अंग. अंगाकडे बघून लोक हसणार, फोटो काढणार, एवढंच मग होतं.

याच शहरात, याच मुद्द्यावर झालेली दुसरी एक घटना समोर ठेवली की फरक लगेच कळतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन आठवड्यांत लंडनच्या रस्त्यांवर सहा सायकलस्वार मेले. त्या पूर्ण वर्षात १४ गेले, त्यांतले नऊ अवजड वाहनांच्या अपघातांत. महिनाअखेरीच्या एका शुक्रवारी, २९ तारखेला, संध्याकाळच्या अंधारात हजाराहून जास्त लोक ब्लॅकफ्रायर्स रोडवर जमले. शहराची वाहतूक चालवणाऱ्या 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन'चं कार्यालय तिथे होतं. माणसांनी आपापल्या सायकली डांबरावर आडव्या टाकल्या आणि त्यांच्या शेजारी स्वतः झोपले. कोट, मफलर, हातमोजे, सगळं अंगावर. हातात मेणबत्त्या. सायकलचं एक चाक वर आणि शेजारी निपचित माणूस, हे दृश्य अपघाताच्या जागी जसं असतं तसंच. तिथे हसायला जागा नव्हती. फोटो निघाले, पण ते फोटो बघणाऱ्याला पुढचं वाक्य स्वतःच्या मनात पुरं करावं लागत होतं. आणि समोरच्या इमारतीत ज्यांच्या सहीनं रस्ते आखले जात होते ती माणसं काम करत होती.

नेदरलँड्समध्ये हे चाळीस वर्षं आधी होऊन गेलं होतं. तिथे १९७१ साली रस्ते-अपघातांत तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. त्यातून 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे मुलांचे खून थांबवा, ही चळवळ उभी राहिली. आईबाप रस्ते अडवून बसले, ॲमस्टरडॅममध्ये लोक सायकलींसह रस्त्यावर आडवे झाले, आणि १९७३ च्या तेलटंचाईत सरकारला काही रविवार मोटारीच बंद ठेवाव्या लागल्या तेव्हा लोकांना आपले रस्ते रिकामे कसे दिसतात ते कळलं. आज ज्या डच सायकलमार्गांचे फोटो आपण कौतुकानं एकमेकांना पाठवतो, त्यांच्या मुळाशी ही मेलेली मुलं आणि चिडलेले आईबाप आहेत.

ब्लॅकफ्रायर्स रोडवर २०१६ पासून सायकलींसाठी वेगळा, कठड्यानं राखलेला मार्ग आहे. त्याच रस्त्यावर, जिथे लोक झोपले होते. तो त्या एका संध्याकाळमुळे झाला असं म्हणणं खोटं ठरेल. महापौरांनी योजना त्याआधीच, मार्च २०१३ मध्ये जाहीर केली होती. पण अशा योजना मागे घेणं, पातळ करणं, नुसता निळा पट्टा मारून मोकळं होणं किती सोपं असतं हे इथल्या सायकलवाल्यांनी पाहिलं होतं. दारात येऊन आडवं झालेल्या माणसांनी ते अवघड करून ठेवलं. आणि डंपरच्या खिडकीचं काय? लंडन सायकलिंग कॅम्पेनसारख्या संघटनांनी आणि अपघातात माणूस गमावलेल्या घरांनी वर्षानुवर्षं अवजड वाहनांच्या रचनेचा पिच्छा पुरवला. ड्रायव्हरला आपल्या जागेवरून, आरशाशिवाय, बाहेरचं किती दिसतं यावर प्रत्येक अवजड गाडीला शून्य ते पाच तारे द्यायची पद्धत त्यातून आली. १२ टनांवरच्या गाडीला लंडनमध्ये शिरायला परवाना लागतो. मार्च २०२१ पासून किमान एक तारा, नाहीतर जादा सुरक्षा-साधनं बसवा, अशी अंमलबजावणी सुरू झाली; ऑक्टोबर २०२४ पासून ती अट तीन ताऱ्यांची झाली. बैठका, निवेदनं, मोजमापं, ड्रायव्हरच्या केबिनच्या काचेची उंची. याची क्लिप कुणी घरच्या ग्रुपवर टाकणार नाही. पण आज सिग्नलला माझ्या शेजारी येणाऱ्या काही गाड्यांची दारं खालपर्यंत काचेची असतात, ड्रायव्हरचा गुडघासुद्धा दिसतो आणि आमची नजरानजर होते. त्या नजरेसाठी मी त्या कंटाळवाण्या बैठकांची कायम ऋणी राहीन.

मग नग्नता निषेधात कुचकामी असते का? असं कुणी म्हटलं तर मी त्याला इंफाळचं सांगेन. आणि ते थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण जागतिक सायकलफेरी सुरू झाली त्याच वर्षीची, तिच्यानंतर महिन्याभरातली ही गोष्ट आहे. थांगजम मनोरमा या तरुणीला १० जुलै २००४ च्या रात्री आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी तिचा गोळ्यांनी चाळण झालेला मृतदेह सापडला. १५ जुलैला सकाळी बारा बायका कांगला किल्ल्याच्या दरवाजापुढे जमल्या. हा किल्ला मणिपूरच्या राजांचा, आणि तेव्हा तिथे आसाम रायफल्सचा तळ. या बायका तरुण नव्हत्या. कुणी आई, कुणी आजी. मणिपुरात त्यांना 'इमा' म्हणतात. काहींनी घरी कुणाला सांगितलंही नव्हतं. दरवाजापुढे त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले आणि सैन्यानं आमच्यावर बलात्कार करावा, आम्ही सगळ्या मनोरमाच्या आया आहोत, असं ओरडत त्यांनी तो दरवाजा हलवला.

तो फोटो पाहून कुणी हसलं नाही. त्या बायकांनी अंग दाखवलं नव्हतं. त्या दरवाजामागच्या माणसांच्या हातात जी एक धमकी होती, ती त्यांनी हिसकावून घेतली होती. तुम्ही बायकांचे कपडे काढून आम्हाला भिववता, घ्या, आम्हीच काढले. यापुढे काय कराल? समोरच्याचं शस्त्र त्याच्याच हातात बोथट करणारी ती कृती होती, आणि ज्याचं शस्त्र होतं तो दहा-पंधरा फुटांवर उभा होता. त्याची किंमतही त्यांनी मोजली. अटक झाली, तुरुंग झाला, घरच्यांच्या नजरा सोसाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये इंफाळच्या महापालिका हद्दीतून सैन्याला विशेषाधिकार देणारा कायदा उठला. २० नोव्हेंबरला आसाम रायफल्सनं कांगला सोडलं आणि किल्ला मणिपूरच्या लोकांना परत मिळाला. मनोरमाच्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही, ही बाजूही लपवण्यासारखी नाही. पण चार महिन्यांत एवढं मोठं दार हललं.

तेलाच्या बाबतीतही असंच. २००२ च्या जुलैमध्ये नायजेरियातल्या नायजर नदीच्या मुखाशी, एस्क्राव्होस इथल्या शेवरॉन-टेक्साकोच्या तेल-तळावर आसपासच्या गावांतल्या शेकडो बायका घुसल्या आणि दहाएक दिवस त्यांनी तो रोखून धरला. आम्हाला हटवलंत तर आम्ही कपडे उतरवू, एवढीच त्यांची धमकी. आईच्या वयाच्या बाईनं रागानं कपडे उतरवणं हा तिथे शाप समजला जातो. कपडे उतरवायची वेळच आली नाही. कंपनीनं नोकऱ्या, वीज, पाणी, शाळा यांबद्दल लेखी कबुली दिली. पुढे त्यातलं सगळं पाळलं गेलं नाही, पण कंपनीला बोलावं लागलं, आणि ते केवळ एका न घडलेल्या नग्नतेच्या भीतीनं. तेलाविरुद्ध नग्नता इतकी धारदार ठरू शकते, आणि पिकॅडिलीवर तेलाचं नावही कुणाला ऐकू येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सायकलवर बसलेल्या त्या लोकांचा तेलाबद्दलचा राग खोटा नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे ज्या प्रांतातून ही जागतिक फेरी निघाली तिथेच, विसाव्या शतकात रशियातून आलेल्या दुखोबोर या ख्रिस्ती पंथातल्या 'सन्स ऑफ फ्रीडम' गटाचे लोक सरकारी सक्तीविरुद्ध नग्न मोर्चे काढत. सक्तीच्या शाळा नकोत, जमिनीवर मालकी नको, हे त्यांचं म्हणणं. १९३२ मध्ये सहाशेच्या आसपास लोकांना पकडून त्यांच्यासाठी एका बेटावर तुरुंग उभारला गेला. म्हणणं काय होतं ते लोक विसरले आणि 'ते नागडे' एवढी ओळख उरली. नग्नता मुद्द्याच्या पुढे धावू लागली की असं होतं, आणि मग मुद्दा तिला कधीच गाठू शकत नाही.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर गोडायव्हाबद्दल बोललं पाहिजे. कॉव्हेंट्रीच्या लोकांवरचा कर नवऱ्यानं माफ करावा म्हणून घोड्यावरून विवस्त्र फिरलेली ती अकराव्या शतकातली बाई. कथा बरीचशी दंतकथाच, पण इंग्लंडात ती सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की गावानं आपली दारं-खिडक्या लावून घेतली. तिनं जे पणाला लावलं होतं ते गावानं जपलं. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कॅमेरे असतात आणि फोटो कुणाच्या हाती कुठे जाईल यावर सायकलवरच्या बाईचा काही ताबा नसतो. फेरीत पुरुष ठळकपणे जास्त दिसतात, त्याचं हे एक कारण असावं.

आणखी एक प्रश्न मला फुटपाथवर उभं असताना सतावत होता. त्या घोळक्यात आमच्यासारखे चेहरे किती कमी होते! लंडनच्या रस्त्यांवर रोज रात्री जेवणाचे डबे पोचवणारी जी मुलं सायकलवर असतात, बांगलादेशी, ब्राझिली, अल्जीरियन, आपलीही, त्यांच्याइतकं उघडं या शहरात कुणी नाही. त्यांनी कपडे काढले तर? व्हिसा आहे, नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्याची अट आहे, गावाकडे आईच्या फोनवर पोचणारी क्लिप आहे. मिलिंद सोमणसारख्या माणसानं २०२० साली गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला तर दक्षिण गोव्यात पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. सगळ्यांना ठाऊक असलेल्या नटाची ही गत, तर साध्या माणसाचं काय? ज्यांचं फारसं काही जाणार नाही तेच कपडे काढू शकतात, आणि काही जाणार नाही म्हणूनच बघणाऱ्यावर त्याचा भार पडत नाही. इंफाळच्या बायकांचं सगळंच जाणार होतं.

हे सगळं मी माझ्या ऑफिसातल्या एका बाईशी बोलले. ती या फेरीत नेमानं जाते. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढला आहे, आणि फेरीच्या दिवशी ती त्या व्रणाभोवती निळ्या रंगानं वेल काढून घेते. माझं म्हणणं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "लोक हसतात ते मला ऐकू येतं," ती म्हणाली. "पण ऑपरेशननंतर घरच्या आरशापुढे जेवढं नागडं वाटलं, तेवढं मला पिकॅडिलीवर कधी वाटलेलं नाही." मग तिनं सांगितलं, की पहिल्या वर्षी एक अनोळखी बाई तिच्या शेजारून सायकल चालवत राहिली, काही न बोलता, आणि शेवटी आपलाही व्रण दाखवून निघून गेली. मला यावर काही उत्तर देता आलं नाही आणि द्यायचंही नव्हतं. त्या दोघींसाठी ही फेरी जे करते ते कोणतंही निवेदन करू शकलं नसतं.

मराठी वाचकाला यात नवखं वाटायचं कारण नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून पुढे पंचवीसेक वर्षं 'समाजस्वास्थ्य' चालवलं, मुखपृष्ठावर नग्न आकृत्या छापल्या, शरीर अश्लील नसतं असं पुन्हा पुन्हा लिहिलं आणि त्यासाठी खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. शरीराची लाज ही माणसाला दाबून ठेवायची एक यंत्रणा आहे, हे आपल्या भाषेत कधीच सांगून झालं आहे. कर्व्यांनी ते सांगितलं तेव्हा समोर कोण आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं: सनातनी, सरकारी वकील, न्यायाधीश. माझ्या मैत्रिणीचा प्रतिपक्ष तिच्या आरशात आहे. ती लढाई खरीच आहे, पण ती डंपरशी नाही. एकाच फेरीत तेल, ट्रक आणि आरसा अशा तिघांशी लढायचं म्हटलं की आरसा जिंकला जातो, कारण तो प्रत्येकाच्या घरी असतो. तेल आणि ट्रक सुटून जातात.

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ही फेरी सगळ्यात मोठी असते. २०१५ साली दहा हजारांच्या आसपास लोक होते. नग्न सायकल चालवण्याबद्दलचा एक खटला २००८ साली तिथल्या न्यायाधीशांनी काढून टाकला, कारण त्यांच्या मते शहरात ही एक रुजलेली परंपरा आणि निषेधाची प्रतीकात्मक रीत होती. हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, की परंपरा म्हणून शिक्कामोर्तब झालं की निषेध संपला. शहर कौतुक करतं, वर्षातून एकदा जागा करून देतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं मागच्या पानावरून पुढे. पण त्याच पोर्टलंडनं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मला विचार करायला लावलं.

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणत होते, की हे शहर युद्धानं उद्ध्वस्त झालं आहे आणि तिथे सैन्य पाठवायला हवं. नॅशनल गार्डच्या तैनातीचा आदेश निघाला. ४ ऑक्टोबरला एका फेडरल न्यायाधीशांनी तो तात्पुरता रोखला, पण प्रकरण मिटलं नव्हतं. तेव्हा १२ ऑक्टोबरला पोर्टलंडच्या लोकांनी 'तातडीची' नग्न सायकलफेरी काढली. जून नव्हता. थंडी होती, पाऊस होता, अंगावर काटा येईल असा दिवस. आणि फेरी बाजारातून फिरून परतली नाही. जिथे आधीपासून निदर्शनं चालू होती त्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे 'आइस'च्या, इमारतीकडे ती गेली. हेल्मेट, चिलखत आणि बंदुका घेतलेल्या माणसांच्या समोरून शेकडो उघडी, ओली माणसं सायकलवर गेली. सरकार म्हणत होतं, ही माणसं धोकादायक आहेत. त्या माणसांच्या अंगावर शस्त्र लपवायलाच काय, रुमाल ठेवायलाही जागा नव्हती. वेगळी घोषणा द्यायची गरज राहिली नाही.

तीच फेरी, तेच शहर, तीच गमतीदार माणसं. या वेळी समोर एक ठरावीक दावा होता, जो उघड्या अंगानं खोटा पडत होता. दावा करणाऱ्याचं दार होतं. आणि पावसात कुडकुडणं ही किंमत, लहान का होईना, होती. इंफाळशी मी त्याची तुलना करणार नाही, त्या बायकांनी जे पणाला लावलं त्याच्या जवळपासही हे जात नाही. पण नग्नतेला निषेध करणारं सूत्र दोन्हीकडे एकच दिसतं, आणि जूनमधल्या शनिवारी पिकॅडिलीवर तेच नेमकं गहाळ असतं.

माझं लंडनच्या फेरीवाल्यांशी भांडण नाही. त्यांच्याकडे धाडस आहे, माणसं आहेत, वीस वर्षांची शिस्त आहे. मला त्यांच्याकडून जास्त हवं आहे. होबर्नचा चौक आहे, जिथे गेल्या काही वर्षांत एकामागून एक सायकलस्वार गेले आणि जिथे अजूनही मेलेल्या सायकलस्वाराच्या आठवणीसाठी ठेवलेली पांढऱ्या रंगाची सायकल कठड्याला बांधलेली दिसली की माझा वेग आपोआप कमी होतो. तिथे या. कामाच्या दिवशी, सकाळी आठ वाजता, डंपर चालू असताना. कोणतं वळण बंद व्हायला हवं आणि कुठे कठडा हवा याचा नकाशा घेऊन या, आणि तो ज्यांच्या सहीनं मंजूर होणार आहे त्यांच्या दारापर्यंत जा. सगळ्यांनी यायचीही गरज नाही, पन्नास जण पुरेत. मी माझे कपडे काढेन का, मला खरंच माहीत नाही. पण तुमचे सांभाळायला आणि फुटपाथवर थांबलेल्या प्रत्येकाच्या हातात तो नकाशा द्यायला मी येईन. मावशीलाही मी त्या दिवसाची क्लिप स्वतः पाठवेन.